दोन वर्गांची एकच फाइल : शिक्षकांसाठीच्या ऑनलाइन सहयोग-साधनांचे परीक्षण

दूर देशातल्या एखाद्या वर्गाशी आपला वर्ग जोडून द्यावा, असे आज अनेक शिक्षकांना मनापासून वाटते आणि त्यासाठी लागणारी बहुतेक साधने त्यांच्या संगणकावर आधीपासूनच असतात. अडते ते कोणते साधन कोणत्या कामाला घ्यावे यापाशी. गेली काही वर्षे मी ही साधने माध्यमिक वर्गांबरोबर सातत्याने वापरत आले आहे, आणि या परीक्षणात प्रत्येक साधनाला मी एकच प्रश्न विचारला आहे: दोन ठिकाणच्या मुलांना एकमेकांवाचून पुरेच होणार नाही असे काम या साधनावर करता आले का? साधन दिसायला किती आकर्षक आहे, त्यात किती सोयी आहेत, हे मी त्यानंतर पाहते. याचे कारण असे की ओळख करून देणे, हात हलवणे आणि आपापले झेंडे दाखवणे एवढ्यावर थांबलेला प्रकल्प दुसऱ्या आठवड्यातच कोमेजतो. माझे पहिले दोन प्रकल्प असेच कोमेजले होते.

तुलना एकाच मापाने व्हावी म्हणून मी एक ठरावीक काम आधाराला धरले आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीन (आजचे आस्वान) या दोन ठिकाणच्या मध्यान्हीच्या सूर्यकिरणांच्या कोनातला फरक वर्तुळाच्या एक पन्नासांश इतका आहे हे ताडले आणि त्यावरून पृथ्वीचा परीघ काढला. हेच काम दोन वर्ग करू शकतात. एक मीटर उंचीची काठी जमिनीवर ताठ उभी करायची, मध्यान्हीच्या आगेमागे दर काही मिनिटांनी सावली मोजायची आणि सर्वांत आखूड सावली टिपायची. समजा, विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, एका वर्गाची सावली ३४.५ सेंटिमीटर भरली, तर कोन सुमारे १९ अंशांचा येतो. दुसऱ्या वर्गाची ८७ सेंटिमीटर भरली, तर तो सुमारे ४१ अंशांचा येतो. या २२ अंशांच्या फरकाला दोन ठिकाणांमधले उत्तर-दक्षिण अंतर २,४४५ किलोमीटर असेल, तर ३६० अंशांना सुमारे ४०,००० किलोमीटर होतात. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे, त्यामुळे उत्तर किती जवळ आले हे मुलांना लगेच कळते. या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण असा, की एकट्या वर्गाला आपल्या मोजमापावरून हे उत्तर काढता येत नाही. दुसऱ्या वर्गाचा आकडा आल्याशिवाय आपला आकडा निरुपयोगी असतो, आणि म्हणूनच मुले दुसऱ्या वर्गाची मनापासून वाट पाहतात.

या कामासाठी मी पहिल्यांदा उघडते ते गूगल शीट्स. दोन्ही वर्गांच्या प्रत्येक गटाला एक ओळ आणि वेळ, सावलीची लांबी, काठीची उंची व आकाशाची स्थिती यांना एकेक रकाना, इतकी साधी मांडणी पुरते. सूत्र एकदा घातले की कोन आपोआप निघतो, आणि एका वर्गाने आकडा टाकताच तो हजारो किलोमीटरवरच्या दुसऱ्या वर्गाच्या पडद्यावर उमटतो. मुलांच्या तोंडून त्या क्षणी जो आवाज निघतो, तो कुठल्याही व्हिडिओ कॉलमध्ये मी ऐकलेला नाही.

मात्र याच तक्त्यात मला जागतिकीकरणाचे खरे धडे मिळाले आणि ते फार बारीक होते. आमच्या जोडीच्या वर्गाने ‘८७,२’ असा आकडा लिहिला. त्यांच्या देशात दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, आमच्याकडे टिंब वापरतात, आणि तक्ता मात्र आमच्या पद्धतीवर लावलेला होता. सूत्राने भलतेच उत्तर दिले. मुलांनी आधी जोडीदारांचे मोजमाप चुकले असे गृहीत धरले, आणि त्यातल्या एकाने तसे लिहूनही टाकले. समोरून अतिशय शांतपणे त्यांच्या गणिताच्या वहीतल्या पानाचे छायाचित्र आले, ज्यात सगळेच आकडे स्वल्पविरामाने लिहिलेले होते. लिहिण्याची रीत वेगळी असली म्हणजे समोरच्याचे चुकले असे होत नाही, हे सांगायला मला त्या दिवशी वेगळा तास घ्यावा लागला नाही. तांत्रिक उपाय सोपा आहे: शीट्सच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडण्याची सोय आहे आणि त्यावर दशांशचिन्ह व तारखेचा क्रम ठरतो. प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी दोन्ही शिक्षकांनी मिळून तो प्रदेश ठरवावा. तारीख लिहिताना महिना अक्षरांत लिहावा, कारण ४/९ ही एका देशात ४ सप्टेंबर असते आणि दुसऱ्या देशात ९ एप्रिल.

शीट्समधली आणखी एक सोय शिक्षकांनी अवश्य वापरावी. एखाद्या चौकटीवर उजवी क्लिक केली की त्या चौकटीतला आकडा कोणी, कधी आणि कशाचा कशात बदलला हे पाहता येते. आपल्या गटाचे उत्तर ४०,००० च्या जवळ यावे म्हणून मोजमाप हळूच बदलण्याचा मोह मुलांना होतो, आणि तो होणे स्वाभाविक आहे. असा बदल दिसला की मी मुलाला बाजूला घेऊन ती नोंद दाखवते व विचारते, की पहिला आकडा का नकोसा झाला. बहुतेक वेळा त्या संभाषणातून प्रयोगातल्या चुकीच्या शक्यतांवर इतकी चांगली चर्चा होते, की रागावण्याची गरजच राहत नाही.

निष्कर्ष लिहिण्याचे काम गूगल डॉक्सवर झाले. डॉक्सच्या एका फाइलवर एकाच वेळी १०० जणांना काम करता येते, पण या मर्यादेच्या भरवशावर राहून दोन अख्खे वर्ग एका फाइलवर सोडू नयेत. चाळीस कर्सर एकाच परिच्छेदात नाचू लागले की कोणालाच काही लिहिता येत नाही. प्रत्येक वर्गातली दोन अशी चार मुले मिळून एक गट आणि प्रत्येक गटाची वेगळी फाइल, ही मांडणी मला सर्वांत चांगली वाटली. चारांपेक्षा मोठ्या गटात एक-दोन मुले लिहितात आणि बाकीची पाहत राहतात.

डॉक्सची खरी ताकद तिच्या आवृत्ती-इतिहासात आहे. फाइलमध्ये झालेला प्रत्येक बदल वेळेसह आणि लिहिणाऱ्याच्या नावासह साठवला जातो, जुनी आवृत्ती परत आणता येते, आणि महत्त्वाच्या टप्प्यावरच्या आवृत्तीला नाव देऊन ठेवता येते. गटकार्यात कोणी किती काम केले, हा शिक्षकांपुढचा जुना प्रश्न असतो आणि तो दोन देशांमध्ये विभागलेल्या गटात अधिकच बिकट होतो, कारण निम्मी मुले आपल्या डोळ्यांसमोर नसतात. इतिहास पाहिला की पुष्कळ उलगडा होतो. तरीही एक सावधगिरी सांगते. या इतिहासात टाइप केलेली अक्षरे दिसतात. विचार कोणी केला हे त्यातून कळेलच असे नाही. एका गटात एका मुलीच्या नावावर जेमतेम दोन वाक्ये होती, आणि मी तिला कमी गुण देण्याच्या बेतात होते. मग समासातल्या टिप्पण्या वाचल्या. जोडीदार गटाचा आकडा सतत जास्त का येतो, या प्रश्नावर सगळे अडले असताना तिने तिथे विचारले होते, “तुमची काठी खरंच सरळ उभी होती का? ओळंबा लावून पाहिलात?” समोरच्या मुलांना ओळंबा म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. तिने दोऱ्याला खोडरबर बांधून ते काठीशेजारी धरले आणि त्याचे छायाचित्र टाकले. दुसऱ्या दिवशी तिकडून तशाच एका दोऱ्याचे छायाचित्र आले, आणि सोबत नवे मोजमापही आले. त्या गटाचे सगळे उत्तर त्या एका टिप्पणीवर उभे होते. तेव्हापासून मी इतिहासाबरोबर टिप्पण्याही तितक्याच बारकाईने वाचते, आणि मुलांनाही तसे आधीच सांगून ठेवते.

डॉक्समधल्या सूचना देण्याच्या पद्धतीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. या पद्धतीत केलेला बदल थेट मजकुरात शिरत नाही. तो रंगीत दिसतो आणि संपादनाचा अधिकार असलेल्याने मान्य केल्यावरच पक्का होतो. ही शिष्ट पद्धत आहे आणि मी ती वापरते. परंतु दोन वर्गांपैकी एकाची मातृभाषा प्रकल्पाचीही भाषा असेल, तर काही दिवसांतच तो वर्ग तपासनीस होतो आणि दुसरा वर्ग सतत दुरुस्त्या मान्य करत बसतो. विज्ञानात तल्लख असलेली मुले भाषेच्या लाल-हिरव्या रंगात दबून जातात. दोन गटांमधला पूर्वग्रह संपर्काने कमी व्हावा यासाठी दोघांचा दर्जा समान असणे आणि उद्दिष्ट सामायिक असणे आवश्यक असते, असे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले होते, आणि सहयोग-साधने वापरताना मला त्या मांडणीची वारंवार आठवण होते. मी दोन नियम केले. पहिल्या आठवड्यात भाषेच्या चुका कोणीही दुरुस्त करायच्या नाहीत, फक्त आशयावर प्रश्न विचारायचे. दुसरा नियम असा, की प्रत्येक फाइलमध्ये एक परिच्छेद जोडीदारांच्या मातृभाषेतला असेल आणि तो समजून घेण्याची जबाबदारी आपली असेल. दुसऱ्या नियमानंतर आमच्या मुलांना पहिल्यांदा कळले, की परक्या भाषेत एखादे कारण समजावून सांगणे किती कष्टाचे असते. यंत्राने केलेले भाषांतर इथे मदतीला येते. मायक्रोसॉफ्टच्या वर्ड, वननोट आणि टीम्स यांमधला इमर्सिव्ह रीडर मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो व भाषांतरही करतो, आणि वाचनात अडखळणाऱ्या मुलांना त्याचा फार उपयोग होतो. मात्र भाषांतरित वाक्य जोडीदाराला पाठवण्यापूर्वी ते उलट भाषांतर करून पाहावे, ही सवय मुलांना लावायलाच हवी.

लिंक देण्याच्या बाबतीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती सांगणे मला आवश्यक वाटते. एका सामायिक फाइलची लिंक मी घाईघाईत ‘लिंक असलेल्या कोणालाही संपादन करता येईल’ अशी उघडी ठेवली. लॉगिन करण्याचा त्रास वाचला, म्हणून पहिल्या दिवशी सगळे खूश होते. तिसऱ्या दिवशी एका गटाचे अर्धे लेखन पुसले गेलेले दिसले. जुनी आवृत्ती पाच मिनिटांत परत आली, पण ते कोणी पुसले हे इतिहासातून कळेना, कारण लॉगिन न करता आलेल्या सगळ्यांची नोंद निनावी झाली होती. पुढचे दोन दिवस दोन्ही वर्ग एकमेकांकडे संशयाने पाहत राहिले. फाइल सुधारता आली, पण ते दोन दिवस मला भरून काढता आले नाहीत. ज्या कामात विश्वास बसवायचा आहे, तिथे प्रत्येकाचे नाव दिसलेच पाहिजे, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

मुलांना खाती देणे शक्य नसेल, तर इथरपॅडचा विचार करावा. हे एकत्र लिहिण्याचे मुक्त स्रोताचे, म्हणजे कोणालाही मोफत वापरता व बदलता येणारे, साधन आहे, खात्याशिवाय चालते, प्रत्येक लिहिणाऱ्याला वेगळा रंग मिळतो, आणि काळाची पट्टी सरकवून मजकूर पहिल्या अक्षरापासून कसा वाढत गेला हे चलच्चित्रासारखे पाहता येते. त्यात नक्षीकाम काही नाही, तक्ते आणि चित्रे यांसाठी ते तोकडे पडते. पण मंद इंटरनेटवर ते उत्तम चालते, आणि जोडीदार वर्गाकडे दोनच संगणक असतील तर हा गुण बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठा ठरतो.

मायक्रोसॉफ्टच्या वननोट क्लास नोटबुकची रचना मला शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेली वाटली. तिच्यात तीन भाग असतात: शिक्षकाने ठेवलेले आणि मुलांनी फक्त वाचायचे साहित्य, सगळ्यांनी मिळून लिहायची सामायिक जागा, आणि प्रत्येक मुलाची स्वतःची वही, जी त्याला आणि शिक्षकालाच दिसते. लाजऱ्या मुलाला आधी आपल्या वहीत लिहून मग सामायिक जागेत न्यायची मुभा मिळते. अडचण अशी, की बाहेरच्या शाळेतल्या मुलांना आपल्या नोटबुकात घेण्यासाठी दोन्हीकडच्या तंत्रविभागांची परवानगी आणि बरीच खटपट लागते. एकाच संस्थेत काम करायचे असेल तर ते अव्वल आहे. दोन संस्थांमध्ये काम करायचे असेल तर निदान महिनाभर आधी तयारी सुरू करावी.

व्हिडिओ कॉलबद्दल बहुतेक शिक्षकांना सर्वाधिक उत्सुकता असते, आणि माझ्या मते त्यालाच गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. झूमच्या मोफत योजनेत बैठक ४० मिनिटांत संपते आणि १०० जणांना सामील होता येते. वर्गाच्या एका तासाला ही मर्यादा पुरेशी आहे. खरी अडचण वेळेची असते. जगातल्या काही प्रदेशांची घड्याळे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असतात, काहींची पावणेसहा तास, आणि अनेक देश वर्षातून दोनदा घड्याळ बदलतात. उत्तर अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात, तर युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी जातात. मार्चचा विषुवदिन नेमका या दोहोंच्या मध्ये येतो. आमच्या पहिल्या सावली-प्रकल्पात ठरलेल्या कॉलवर आम्ही वेळेवर हजर झालो, तेव्हा समोरचा तास संपत आला होता आणि मुले दप्तरे भरत होती. त्यांच्याकडे दोन आठवड्यांपूर्वीच घड्याळ बदलले होते. आता मी प्रत्येक निमंत्रणात दोन्हीकडच्या स्थानिक वेळा आणि जागतिक प्रमाणवेळ अशा तीन वेळा लिहिते. शिवाय सूर्याची मध्यान्ह घड्याळाच्या बाराला होतेच असे नाही, हेही त्याच निमित्ताने मुलांना सांगता येते.

कॉलच्या वेळी तीस मुले एका कॅमेऱ्यासमोर बसवणे टाळावे. पुढची तीन-चार मुले बोलतात आणि मागची कंटाळतात. ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे कॉलमधल्याच छोट्या वेगळ्या खोल्यांमध्ये, चार-चार मुलांचे गट केले तर बोलणे होते, पण तिथे शिक्षक सर्वत्र एकाच वेळी असू शकत नाही, म्हणून प्रत्येक गटाला आधी लिहून दिलेला एक प्रश्न आणि उत्तर लिहायला एक फाइल हवीच. माझ्या वर्गात संपूर्ण प्रकल्पात दोनच कॉल होतात. पहिला कॉल दुसऱ्या आठवड्यात होतो, म्हणजे मुलांनी एकमेकांच्या टिप्पण्या वाचल्यानंतर. “ती दोऱ्याची आयडिया कुणाची?” या प्रश्नाने सुरू झालेले संभाषण, “तुमचे छंद कोणते?” या प्रश्नाने सुरू झालेल्या संभाषणापेक्षा फार पुढे जाते.

दोन्ही वर्गांचे दिवस अजिबात जुळत नसतील, तर मुलांनी दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ नोंदवून ठेवावेत आणि समोरच्यांनी सवडीने उत्तर द्यावे. बुजऱ्या मुलांना ही रीत मानवते, कारण मनासारखे होईपर्यंत पुन्हा बोलता येते. मिनेसोटा विद्यापीठात जन्मलेले फ्लिपग्रिड याच कामासाठी लोकप्रिय झाले होते. मायक्रोसॉफ्टने ते २०१८ मध्ये घेतले, पुढे त्याचे नाव फ्लिप झाले, आणि १ जुलै २०२४ पासून ते स्वतंत्र साधन म्हणून बंद झाले. आता त्यातला काही भाग टीम्समध्ये मिळतो. त्याची उणीव मला आजही जाणवते.

पॅडलेट हा भिंतीसारखा फलक आहे, ज्यावर मुले चिठ्ठ्या, चित्रे आणि ध्वनिफिती लावतात. शिकायला पाच मिनिटे लागतात, आणि पहिल्या दिवसाच्या कामासाठी ते फार चांगले आहे. मोफत योजनेत फलकांची संख्या मर्यादित असते. त्यातली एक सोय मात्र पुष्कळ शिक्षक केवळ शिस्तीसाठी वापरतात, ती म्हणजे शिक्षकाने मान्यता दिल्यावरच चिठ्ठी दिसणे. मी ती शिकवण्यासाठी वापरते. सावली किती लांब येईल याचा अंदाज सगळ्यांनी लिहीपर्यंत मी एकही चिठ्ठी मान्य करत नाही, आणि मग सगळ्या एकदम उघडते. तसे केले नाही तर पहिल्या दोन-तीन चिठ्ठ्यांमधला अंदाज वाचून बाकीची मुले तसाच अंदाज लिहितात, आणि दोन देशांतल्या मुलांच्या मनातला खरा फरक फलकावर येतच नाही. पॅडलेटवर एकत्र विचार मांडता येतो, पण तो पुढे घडवता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते बंद करून फाइलकडे वळते.

मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याच्या प्रणालीबद्दल थोडेच लिहिते, कारण ते बसवायला जाणकार माणूस लागतो. मार्टिन डुगियामास यांनी त्याची पहिली पक्की आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ते आजही मुक्त स्रोताचे आहे. त्यातली वर्कशॉप ही सोय परस्पर-मूल्यमापनासाठी मी पाहिलेल्यांपैकी सर्वांत चांगली आहे. त्यात मुलाला दोन वेगळे गुण मिळतात: एक स्वतःच्या लेखनासाठी, आणि दुसरा त्याने इतरांच्या लेखनाचे परीक्षण किती नीट केले यासाठी. समोरच्या देशातल्या मुलाचे काम काळजीपूर्वक वाचण्याला गुण आहेत, हे कळल्यावर मुलांच्या वाचण्यात दिसण्याइतका फरक पडतो.

साधन निवडताना ते किती दिवस टिकेल, हा प्रश्न पूर्वी मला सुचत नसे. आता मोठ्या प्रकल्पाआधी तोही मी आवर्जून विचारते. शिक्षकांनी वर्षानुवर्षे साहित्य साठवलेले विकीस्पेसेस २०१८ मध्ये बंद होऊ लागले. वर्गाशी संपर्क ठेवण्याचे एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस गेला. ज्याच्यावर वर्गावर्गांमध्ये ओळखीचे खेळ होत असत, ते स्काइप ५ मे २०२५ रोजी थांबले. मुलांनी सहा महिने खपून केलेले काम एका सूचनेनंतर नाहीसे होताना पाहणे क्लेशदायक असते. एका बंद पडलेल्या साधनावर माझ्या वर्गाची भाषेवरची एक संपूर्ण मालिका होती आणि मला तिच्यातली चारच पाने वाचवता आली. त्यामुळे ज्या साधनातून काम साध्या स्वरूपात बाहेर काढता येत नाही, ते कितीही आवडले तरी मी मोठ्या प्रकल्पासाठी घेत नाही. तक्ते सीएसव्हीमध्ये आणि लेखन ओडीटी किंवा पीडीएफमध्ये, म्हणजे दुसऱ्या साधनांतही उघडणाऱ्या फाइलींच्या स्वरूपात, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी, दोन्ही शाळांच्या संगणकांवर उतरवून ठेवावे. टिप्पण्या पीडीएफमध्ये आपोआप येतीलच असे नाही, म्हणून महत्त्वाच्या टिप्पण्या मुलांकडूनच मूळ लेखनाच्या शेवटी उतरवून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते मुलांच्याच हाती द्यावे. आपले बोलणे पुन्हा वाचताना त्यांना स्वतःचा बदललेला विचार दिसतो.

मुलांच्या माहितीच्या बाबतीत कुठलीही सवलत घेऊ नये. अमेरिकेतला मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेचा कायदा १९९८ चा आहे आणि तो १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीचे वय १६ आहे, पण सदस्य देशांना ते १३ पर्यंत खाली आणता येते. म्हणजे एकाच प्रकल्पातल्या दोन वर्गांना दोन वेगळे नियम लागू असू शकतात. अशा वेळी दोहोंपैकी कडक नियम दोघांनीही पाळावा. माझ्या प्रकल्पांत फक्त पहिले नाव वापरले जाते, चेहऱ्याचे छायाचित्र फलकावर लावले जात नाही, आणि पालकांच्या संमतीपत्रात साधनाचे नाव, तिथे काय साठवले जाईल आणि ते कधी पुसले जाईल हे सोप्या भाषेत लिहिलेले असते. काठी, दोरा आणि सावली यांची छायाचित्रे मात्र आम्ही भरपूर लावतो.

जोडीदार वर्ग कसा शोधावा, असे मला सर्वाधिक वेळा विचारले जाते. आयअर्न या शाळांच्या जाळ्याची सुरुवात १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्को इथल्या शाळांना जोडणाऱ्या प्रकल्पातून झाली, आणि आज ते अनेक देशांत पसरलेले आहे. तिथे तयार प्रकल्प असतात आणि अनुभवी शिक्षक भेटतात, म्हणून नवख्यांनी तिथून सुरुवात करावी. युरोपीय देशांतल्या शाळांसाठी ईट्विनिंग २००५ पासून आहे. त्यात प्रत्येक प्रकल्पाला ट्विनस्पेस नावाची बंदिस्त जागा मिळते, ज्यात निमंत्रणाशिवाय बाहेरच्यांना काम करता येत नाही. महाविद्यालयीन स्तरावर न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये सुरू केलेल्या केंद्रातून ‘कॉइल’ ही पद्धत रुजली, ज्यात दोन देशांतले दोन प्राध्यापक आपापल्या अभ्यासक्रमाचा एक भाग मिळून शिकवतात. जोडीदार मिळाल्यावर मुलांना आणण्यापूर्वी दोन्ही शिक्षकांनी आपसात तेच काम, त्याच साधनावर, एकदा पूर्ण करून पाहावे. दशांशचिन्ह, घड्याळ आणि लिंक या माझ्या तिन्ही चुका तशा तालमीत एका संध्याकाळी सापडल्या असत्या.

नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकाला मी पहिल्या वर्षी एक तक्ता, प्रत्येक गटाला एक फाइल, आणि दोन कॉल, इतकेच सुचवेन. पॅडलेट आवडत असेल तर पहिल्या दिवशी घ्यावे. बाकीची साधने दुसऱ्या वर्षासाठी ठेवावीत. माझा पुढचा प्रकल्प सप्टेंबरच्या विषुवदिनाचा आहे आणि या वेळी जोडीदार वर्ग विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे त्यांची सावली आमच्या उलट दिशेला पडेल आणि कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी लागेल. हे मी मुलांना अजून सांगितलेले नाही. तक्त्यात सूत्र जुनेच ठेवले आहे, आणि टिप्पण्यांची सोय दोन्ही वर्गांना उघडी करून दिली आहे.